बसायची सोय नसलेली गाडी

कारभारी आबांकडं एक मोटारसायकल होती. तिच्यावर बसता येत नसे.

मोडलेली होती म्हणून नव्हे. बनवणाऱ्यानंच बसायची सोय केली नव्हती. सीटच्या जागी पुरणपोळीएवढी एक गादी होती, तीही लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून. स्पेन देशात अशा गाड्यांच्या शर्यती होतात आणि त्या शर्यतीत कुणालाच घाई नसते. दगडधोंड्यांवरून, ओढ्यातून, झाडांच्या मुळ्यांवरून गाडी न्यायची, तीही उभ्या उभ्या, मुंगीच्या पावलानं. अट एकच, पाय जमिनीला टेकता कामा नये. टेकला की एक गुण गेला. पहिला कोण आला हे कुणी विचारतसुद्धा नाही.

"म्हंजी बसायचं नाय, पळायचं नाय, पाय बी टेकायचा नाय," आबांच्या बायको मंजुळाबाई गाडी पहिल्यांदा पाहून म्हणाल्या होत्या, "मग ही गाडी हाय का सासुरवास?"

गाडी आली हावरेसाहेबांकडून. साहेब स्पेनचे. एकोणनव्वद साली वाळूजच्या एका कारखान्यात मशिनी बसवायला आले होते. खरं नाव हावियेर का असंच काहीतरी होतं, पण आबांनी पहिल्याच भेटीत त्यांचे हावरे केले आणि साहेबांनीही ते मनावर घेतलं नाही. दर रविवारी साहेब हर्सूलच्या पलीकडच्या माळावर गाडी घेऊन यायचे. आबा तिथं शेळ्या घेऊन असायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळं मैत्री टिकली. दोन वर्षांनी परत जाताना साहेबांनी गाडी आबांना दिली आणि बदल्यात आबांच्या खांद्यावरची काळी घोंगडी घेतली. हा सौदा कुणाला फळला यावर घरात अजून एकमत नाही. मंजुळाबाईंचं म्हणणं, घोंगडी चांगली होती.

आता बिरोबाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

माळाच्या माथ्यावर बिरोबाचा दगड आहे. आबांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या शेळ्यामेंढ्यांमागं फिरलेलं, तेव्हा बिरोबा घरचाच. त्याचा नियम असा की माळावर पायताण टेकवायचं नाही. ओढा ओलांडला की चपला हातात. आणि माळ तर असा की तिथं गवतापेक्षा काटे जास्त. आबांच्या टाचा बाभळीच्या काट्यांनी चाळणी झाल्या होत्या. अशात एके रविवारी हावरेसाहेबांचा पाय घसरून जमिनीला टेकला, तेव्हा साहेबांनी तोंड पाडलं आणि आभाळाकडं एक बोट केलं. एक गुण गेला, असं त्यांना म्हणायचं होतं. आबांना वेगळाच साक्षात्कार झाला.

"त्यांच्याकडं बी बिरोबा हाय!" त्यांनी घरी येऊन सांगितलं.

आणि मग आबांच्या डोक्यात जो उजेड पडला, तो पुढं बावीस वर्षं टिकला. देवाचा नियम पायताण न टेकवण्याचा आहे. पायताण घालायचं नाही असं देव कुठं म्हणाला? तेव्हा पायात टायरचं पायताण घालून, ह्या गाडीवर उभं राहून, पाय कुठंच न टेकवता माथ्यापर्यंत गेलं, तर देवही राजी आणि टाचाही. चुकून टेकलाच, तर एक नारळ. बावीस वर्षांत आबांचे एकूण पाच नारळ झाले. त्या भागात अजूनही एखादा फार सांभाळून वागला तर म्हणतात, "कारभाऱ्याचे पाच नारळ हायेत हे."

मग आबांचा गुडघा गेला, शेळ्या गेल्या आणि गाडी गोठ्यात गेली. अकरा वर्षं तिच्यावर कांद्याची पोती होती आणि पोत्यांवर कोंबड्या.

गेल्या दिवाळीत आबांचा नातू भारत आपल्या मित्राला, प्रणयला, घेऊन घरी आला. प्रणय सिडकोत कॅफे काढत होता. त्यानं गोठ्यात डोकावून पाहिलं आणि खिशातून टेप काढली. प्रणयच्या खिशात कायम टेप असे.

"अबे भारत, परफेक्ट आहे यार! काउंटरच्या मागच्या भिंतीवर. चाकं वर, हँडल खाली. हँडलला दोन बल्ब. पब्लिक पागल होईल."

"गाडी उलटी टांगायची?" आबांनी विचारलं.

"थीम आहे आबा."

"ह्ये थीम कुणाला झालंय?" मंजुळाबाईंनी काळजीनं विचारलं.

बोलणं इथंच मिटलं असतं. पण भारतची धाकटी बहीण सुकेशनी पहिल्या पाळीहून नुकतीच आली होती आणि जेवणाचा डबा हातात तसाच धरून ती म्हणाली, "गाडी मला पाहिजे."

सुकेशनी वाळूजला इंजिनाच्या कारखान्यात होती. चाचणीत नापास झालेली इंजिनं तिच्या टेबलावर यायची आणि तिनं त्यांचा दोष शोधायचा. चार वर्षांत तिच्या टेबलावरून एकही दोष निसटला नव्हता. लोक म्हणायचे, ती इंजिनाकडं नुसती बघत बसते आणि थोड्या वेळानं इंजिन स्वतःच कबूल करतं. पण आठ तास स्टुलावर बसून दुसऱ्यांचे दोष काढणाऱ्या माणसाला एखादी तरी गोष्ट अशी लागते, जिच्यावर बसायचंच नसतं. लहानपणी तिनं आबांना ह्याच गाडीवर उभं राहून माळ चढताना पाहिलं होतं, धुरात, फेटा बांधलेले, एखाद्या न पडणाऱ्या देवासारखे. तेव्हापासून तिला तो माळ तसाच चढायचा होता. हे ती कुणाला बोलली नव्हती, कारण घरात बोललेलं सगळं भारतला कळतं.

"तुला कशाला? चालू तरी हाय का ती?" भारत म्हणाला.

"करते."

"आणि चालवणार कोण? स्कूटीवरनं पडतीस तू."

"एकदा पडले. तेबी तू मागं बसला होतास म्हणून."

आबांनी हात वर केला. त्यांचा निवाडा सोपा होता. संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सुकेशनीनं गाडी ओढ्यापासून बिरोबाच्या दगडापर्यंत न्यायची. पाय टेकला नाही, तर गाडी तिची. टेकला किंवा गाडीच वर गेली नाही, तर प्रणयनं त्याच दिवशी टेम्पोत घालून न्यावी आणि हवी तशी टांगावी.

"नारळाची सवलत?" सुकेशनीनं विचारलं.

"नारळ देवाला असतो, भिंतीला नसतो," आबा म्हणाले.

मग सुट्टीचे दिवस आणि पाळीनंतरचे तास गोठ्यात जाऊ लागले. एअर फिल्टरच्या डब्यात कोंबडीचं घरटं निघालं, त्यात तीन अंडी. सुकेशनीनं ती काढून घेतली, तर कोंबडी तीन दिवस गाडीसमोर उपोषणाला बसली. कार्ब्युरेटर उकळून काढला. मॅग्नेटोचे पॉइंट घासून चकचकीत केले, कंडेन्सर नवा बसवला. आताच्या पेट्रोलनं जुनी रबरं फुगतात, म्हणून झाडून सगळी रबरं बदलली. बाकी मात्र जे मूळचं होतं ते मूळचंच ठेवलं, कारण इंटरनेटवर तिला ह्या गाड्यांच्या भक्तांचा एक ग्रुप सापडला होता आणि त्या ग्रुपात मूळ बोल्ट फेकणाऱ्याकडं लोक खुन्यासारखं बघत.

त्या ग्रुपात यॉर्कशायरचे नॉर्मन नावाचे निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्याकडं हीच गाडी, ह्याच सालची. सुकेशनीनं पेट्रोलच्या टाकीचं झाकण पॉलिश करून फोटो टाकला, तेव्हा नॉर्मन दोन दिवस अस्वस्थ झाले. झाकणाच्या बरोबर मध्यावर एक काळाभोर, गुळगुळीत ठिपका होता, मसुराएवढा. असा ठिपका त्यांनी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. बहुधा फार थोड्या गाड्यांवर असावा, असं त्यांनी कळवलं. व्यास किती? उंची किती? कड गोल की चपटी? सुकेशनीनं कारखान्यातून मायक्रोमीटर आणून ठिपका मोजला आणि माप पाठवलं. पॉलिश करताना ठिपक्याला धक्का लागू नये म्हणून ती त्यावर टिकली चिकटवत असे.

आठवड्यानं नॉर्मनचा निरोप आला. त्यांनी आपल्या झाकणावर तसाच ठिपका बसवून घेतला होता. आता कुठं गाडी पूर्ण अस्सल झाली, असं त्यांनी लिहिलं होतं. सोबत त्यांचा आणि झाकणाचा फोटो. दोघंही समाधानी दिसत होते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गाडी सुरू झाली. सातव्या किकला. गोठाभर निळा धूर झाला, कोंबड्यांनी कायमचा गृहत्याग केला आणि आबा ओट्यावरून ओरडले, "आवाज बरुबर हाय!" सुकेशनीनं तिथंच अंगणात पायदानांवर उभं राहून तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत पाय टेकला नाही. भारतनं टाळी वाजवली आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडंतिकडं बघितलं.

खरा तमाशा दुसऱ्या दिवशी माळावर सुरू झाला.

माळाच्या निम्म्यात हिवराच्या झाडाखाली म्हसोबा आहे. शेंदूर लावलेला लहानसा दगड. येणारा-जाणारा आपल्याजवळ जे असेल त्यातलं चिमूटभर त्याच्यापुढं ठेवतो. भाकरी असेल तर भाकरीचा तुकडा, दूध असेल तर दोन थेंब. सुकेशनीजवळ काहीच नव्हतं, तिनं हँडलवरून नुसती मान लववली. आणि तिथंच गाडीनं दोन आचके दिले आणि मान टाकली.

सुकेशनी उतरली. कारखान्याची शिस्त अशी की आधी सगळ्यात साधं कारण बघायचं. तिनं टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोल होतं. झाकण लावलं. मग प्लग काढला, पुसला, घातला. किक मारली. गाडी सुरू.

"प्लग होता," ती मागून चालत आलेल्या भारतला म्हणाली.

तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा म्हसोबापाशी बंद. झाकण उघडून पाहिलं, पेट्रोल होतं. भारत म्हणाला, कॉइल गरम होतीय, ओलं फडकं ठेव. ठेवलं. किक. सुरू.

"कॉइल!" भारत म्हणाला.

त्यानंतरच्या रविवारी प्रणय आला होता. गाडी बंद. झाकण उघडलं, पेट्रोल होतं. प्रणयनं यूट्यूबवर बघून कार्ब्युरेटरला पान्ह्यानं दोन टिचक्या मारल्या. सुरू.

"देख, हाथ लागतो कधी कधी," प्रणय म्हणाला, आणि गाडीची लांबी पुन्हा एकदा मोजून घेतली.

मग मंजुळाबाईंनी नजर उतरवली. झाकण उघडून पेट्रोल बघून झाल्यावर त्यांनी गाडीवरून लिंबू ओवाळलं आणि मागं न बघता फेकलं. सुरू. लिंबू प्रणयला लागलं, पण गाडी सुरू.

सुकेशनीची झोप उडाली. न लागणारं औषध तिला माहीत होतं. इथं प्रत्येकाचं औषध लागू पडत होतं आणि रोग तसाच होता. तिनं कॉइल बदलली, कंडेन्सर पुन्हा बदलला, पेट्रोलचा कॉक उघडून धुतला, जेट नवे घातले. गाडी दहा मिनिटं अशी चालायची की बघत राहावं, आणि म्हसोबापाशी आली की संपली. अंगणात उभी ठेवून चालवली तर म्हसोबाशिवायही दहा मिनिटांनी बंद पडायची. मग ती झाकण उघडून पेट्रोल बघायची आणि पुढचा इलाज करायची.

एका संध्याकाळी ती आबांशेजारी ओट्यावर येऊन बसली. हात काळे, चेहरा त्याहून काळा.

"आबा, तुमच्या वेळंला मधीच बंद पडायची का?"

"कवाच नाय."

"बावीस वर्षांत एकदाबी?"

"नाय म्हणलं की."

"तुम्ही काही वेगळं करत होता का गाडीला?"

आबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "गाडीला काय करायचं असतंय? गाडीला मी काय बी करत नव्हतो. चालवायची."

रविवार उजाडला तो असा. सकाळी साडेआठलाच प्रणयचा टेम्पो ओढ्याशी लागला. आत दोर, गोधड्या आणि भिंतीत ठोकायचे चार हुक. आबांनी जाहीर केलं की पाय टेकतो का नाही हे ते स्वतः म्हसोबापाशी बसून बघणार. गुडघा चालत नव्हता, तेव्हा त्यांना बाजेवर बसवून भारत आणि प्रणयनं वर न्यायचं ठरलं. ओढा ओलांडल्यावर दोघांना बूट काढावे लागले.

"आबा, काटे लई हायेत," भारत दहाव्या पावलाला म्हणाला.

"व्हय. म्हणून तर गाडी घेतली होती."

मंजुळाबाई मागून पिशवी घेऊन चालत होत्या. सुकेशनीनं खाली ओढ्याशी त्यांना विचारलं होतं, पिशवीत काय आहे. "नारळ. सात." सात कशाला? "तुझ्या आज्याचे बावीस वर्षांत पाच झाले. तुझे एका दिवसात दोन जास्तीचे होतील म्हणून आणले. सवलत नाय मिळाली तर चटणी करू."

माळावर पुंजाराम नावाच्या शेजाऱ्याच्या आठदहा शेळ्या चरत होत्या. त्यांना ह्यातल्या कशाचंच काही नव्हतं.

सुकेशनीनं पेट्रोल भरलं, झाकण घट्ट आवळलं, हेल्मेट घातलं. पायात कारखान्याचे सेफ्टी शूज, लोखंडी नाकाचे. ते टेकले असते तर बिरोबालाच नव्हे, अख्ख्या माळाला कळलं असतं. पायदानांवर उभी राहून तिनं ओढ्याच्या काठावरून गाडी उचलली.

पहिला टप्पा गोट्यांचा. गोटे सरकत होते, गाडी त्यांच्याबरोबर सरकत होती आणि सुकेशनी गाडीच्या वर वेगळीच डोलत होती, देवळातल्या समईच्या ज्योतीसारखी. दुसऱ्या टप्प्यात बाभळीच्या मुळ्या. पुढचं चाक एका मुळीवर चढलं, थबकलं. तिनं गुडघे वाकवले, श्वास धरला, आणि मागचं चाक आज्ञाधारकपणे मागून आलं. मग लांब तिरकी घळ, पाण्यानं कातरलेली, जिच्यात ती जानेवारीभर सतरा वेळा पडली होती. आज पडली नाही. दहा मिनिटं झाली का, हे घड्याळात बघायची गरजच नव्हती. हिवर दिसू लागला, त्याखाली बाज दिसू लागली, बाजेवर आबा, आणि बाजेच्या दोन बाजूंना भारत नि प्रणय, तळपायातले काटे काढत.

म्हसोबा आला. सुकेशनीनं मान लववली.

गाडीनं पहिला आचका दिला.

प्रणय उठून उभा राहिला. त्याचा हात आपोआप टेपकडं गेला. दुसरा आचका. गाडी जवळजवळ उभीच राहिली आणि सुकेशनी तिच्यावर उभीच्या उभी, दोन्ही चाकं जागेवर, इंजिन धापा टाकतंय, डावा पाय पायदानावरून सुटायच्या बेतात. उतरून झाकण उघडावं तर पाय टेकणार. न उतरावं तर गाडी बंद पडणार आणि मग पाय टेकणारच. ह्या माळावर, ह्या गाडीजवळ, कुणीच सल्ला देत नाही असं पहिल्यांदाच घडत होतं.

आणि आबा बाजेवरून तडकले.

"आगं ए! म्हसोबापुढनं तशीच निघालीस व्हय? दाखव की त्याला!"

"काय दाखवू?" सुकेशनी हेल्मेटातून किंचाळली.

"वास! पेट्रोलचा वास दाखव! गाडी जे खाती त्यातलं नको व्हय त्याला? झाकण ढिलं कर आर्धा आटा!"

तिचा डावा हात क्लचवरून सुटला आणि गुडघ्यांमधल्या झाकणावर गेला. अर्धा आटा.

फुस्स.

आवाज बारीक होता, पण स्पष्ट होता. हवा आत जात होती. कितीतरी वेळ बाहेर ताटकळलेली हवा टाकीत शिरत होती. हा आवाज सुकेशनीनं आधीही ऐकला असणार, रोज ऐकला असणार, पण रोज त्याच वेळी तिच्या कानाशी कुणी ना कुणी प्लग, कॉइल, नाहीतर लिंबू म्हणत असे. टाकी बंद डबा होती. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यायला पाहिजे, आणि हवा यायला वाटच नव्हती. दहा मिनिटांत टाकी आतून स्वतःचेच गाल ओढून बसायची. आणि ती, वाळूजची सुकेशनी, जिच्या टेबलावरून दोष सुटत नाही, रोज सगळ्यात आधी झाकण उघडून गाडी बरी करत होती आणि मग दोष शोधायला लागत होती.

इंजिननं एक मोठा श्वास घेतला आणि खणखणीत वाजायला लागलं.

"पावला," आबा म्हणाले आणि मागं टेकले.

पुढं माथ्यापर्यंत खडकाच्या तीन पायऱ्या होत्या, एकेक कमरेएवढी. भारत अनवाणी पळत निघाला. त्याच्यामागं व्हिडिओ काढत प्रणय. पहिली पायरी ती रागानं चढली, स्वतःवरच्या. दुसरी आनंदानं. तिसरीवर पुढचं चाक चढलं, मागचं घसरलं आणि गाडी डावीकडं कलली. आणखी कलली. सुकेशनीचा डावा पाय पायदानावरून निघाला आणि लोखंडी नाकाचा बूट हवेत जागा शोधू लागला.

तिथं पुंजारामची शेळी उभी होती.

बूट शेळीच्या पाठीवर टेकला. शेळीनं वर पाहिलं. गाडी सावरली. पाय पायदानावर परत गेला, मागच्या चाकानं खडक धरला, आणि तीन हातांवर बिरोबाचा दगड होता. पुढचं चाक जाऊन त्याला हळूच शिवलं.

"टेकला! टेकला यार!" प्रणय ओरडला.

"शेळीवर टेकला!" भारत त्याच्या अंगावर ओरडला, आणि आपण कुणाच्या बाजूनं ओरडतोय हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

सगळे हिवराखाली परत आले. सुकेशनीनं गाडी बंद करून हातानं खाली आणली, अनवाणी, बूट गळ्यात अडकवून. बाजेभोवती न्यायसभा बसली. प्रणयनं व्हिडिओ थांबवून, मोठा करून दाखवला. बूट शेळीवर होता यात वाद नव्हता.

"बघा आबा, लॉजिक सिंपल आहे," प्रणय म्हणाला. "पाय शेळीवर टेकला. शेळी जमिनीवर टेकलेली. म्हणजे पाय जमिनीवर टेकला."

"मग तू घराच्या दुसऱ्या मजल्यावर उभा राहिलास तर जमिनीवर का?" भारतनं विचारलं.

"हौ! मग कुठं?"

"आरं, पण शेळीनं पायताण घातलं होतं का?" आबांनी विचारलं.

प्रणय व्हिडिओ पुन्हा मोठा करून शेळीचे पाय बघू लागला.

"देवाचा नेम काय हाय? पायताण माळाला टेकवायचं नाय. पायताण टेकलं शेळीला. माळाला टेकले शेळीचे पाय. शेळी अनवाणी हाय." आबांनी पुरावा म्हणून शेळीकडं बोट केलं. शेळी तोवर प्रणयच्या टेपचं टोक चघळत होती. "गाडी सुकीची."

"आबा, हे चीटिंग आहे!"

"चीटिंग?" आबा दुखावले. "आरं बाबा, बावीस वर्षांत माझे पाच नारळ झाले ते काय मी हवेत तोलून? इतक्या शेळ्या मी वर कशाला नेत होतो?"

सुकेशनीच्या डोक्यातला तो फेटेवाला, न पडणारा देव एक पाय शेळीवर ठेवून तिच्याकडं बघून हसला. तिला वाटलं आपल्याला वाईट वाटेल. वाटलं नाही. उलट खो खो हसू आलं, आणि मग ते थांबेचना.

"पाच बी कमीच सांगतात हे," मंजुळाबाई म्हणाल्या. "नऊ होते. चार मी मपल्या नावानं फोडले."

भारतनं प्रणयच्या खांद्यावर हात टाकला. घरी माळ्यावर शिवणाचं जुनं मशीन आहे, ते उलटं टांगलं तर चालेल का, असं त्यानं विचारलं. प्रणयनं चघळलेली टेप पुसून खिशात घातली आणि मापं किती आहेत ते विचारलं.

सुकेशनी तोवर झाकण हातात घेऊन उलटसुलट बघत होती. वरचा तो काळा, गुळगुळीत, दुर्मीळ ठिपका. तिनं नख लावून पाहिलं.

"आजी, हे काय हाय?"

"लाख," मंजुळाबाई म्हणाल्या. "विळ्याची मूठ बसवायची लाख. तिथं एक भोक होतं. हे गाडीवर दुधाची किटली न्यायचे, तर दुधाला पेट्रोलचा वास यायचा. लोक बोलायला लागले. म्हणून मीच बुजवलं एक दिवस, तापवून. पुन्हा तक्रार नाय आली."

"कधी बुजवलंस?"

"गाडी आली त्याच सालात. कामून?"

आणि पहिल्यांदा गाडीनं म्हसोबापाशी आचके दिले तेव्हा आबांना वाटलं, देवाला वाटा मिळाला नाही. त्यांनी वाटा दिला. पुढं बावीस वर्षं देत राहिले. गाडीचं विचारलं तेव्हा त्यांनी खरंच काही लपवलं नव्हतं. हे खातं गाडीचं नव्हतंच, म्हसोबाचं होतं.

सुकेशनीनं जाकिटाच्या खिशातून जेट साफ करायची सुई काढली. एक टोचणी, आणि भोक मोकळं झालं असतं. चार वर्षांत तिनं दोष सापडल्यावर तो तसाच सोडला नव्हता. तिनं आबांकडं पाहिलं. आबा म्हसोबाकडं बघत होते, आणि म्हसोबा तर काय, समोरच बघत होता. दुधाच्या किटल्या आता कुणी नेत नाही. पण भोक मोकळं केलं, तर ह्या रस्त्यानं देवाला रोज काय दाखवायचं, हा प्रश्न सुटत नव्हता.

तिनं सुई खिशात ठेवली.

घरी आल्यावर फोन पाहिला, तर यॉर्कशायरहून नॉर्मनचा लांबलचक निरोप आलेला. ते फार निराश होते. चाळीस वर्षांत कधी न रुसलेली त्यांची गाडी महिनाभरापासून दर दहा मिनिटांनी बंद पडत होती. प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर तीनदा धुतला. गंमत म्हणजे प्रत्येक इलाजानंतर ती सुरू होते, आणि पुन्हा बंद पडते. सुकेशनीच्या गाडीला असा काही अनुभव? काही सल्ला?

सुकेशनीनं निरोप आबांना वाचून दाखवला, मराठीत. आबांनी डोळे मिटून ऐकला.

"आधी त्यास्नी विचार," ते म्हणाले, "त्यांच्याकडं निम्म्या वाटंत कोण हाय?"